विकण्याआधीची पारख: जुन्या फर्निचरच्या लेखी मूल्यांकन-सेवेचे परीक्षण

घरातील लिहिण्याचे एक जुने मेज आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचा एक संच विकायचा होता. या वस्तू नेमक्या काय आहेत, कधीच्या आहेत आणि आज त्यांचे काय मोल आहे, हे विक्रीपूर्वी जाणकाराकडून लेखी स्वरूपात मिळावे, या हेतूने मी एका स्वतंत्र मूल्यांकन-सेवेची मदत घेतली. ही सेवा प्रथम छायाचित्रांवरून प्राथमिक अहवाल देते आणि आवश्यकता भासल्यास, वेगळे शुल्क आकारून, मूल्यांकक प्रत्यक्ष येऊन वस्तू तपासतात. ओळख पटवण्याचे काम या सेवेने उत्तम केले आणि किमतीचे काम मध्यम केले, असे माझे मत आहे. तरीही दिलेले शुल्क सार्थकी लागले असे मी म्हणेन, कारण किमतीचा अंदाज विकणाऱ्याला थोड्या चिकाटीने स्वतःही बांधता येतो, पण खणाच्या मागच्या बाजूवरील करवतीच्या खुणा वाचून वस्तूचा काळ सांगणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे.

सेवेबद्दल विश्वास वाटू लागला तो त्यांनी मागवलेल्या छायाचित्रांची यादी पाहून. मेजाच्या दर्शनी बाजूचे त्यांना एकच छायाचित्र हवे होते. बाकीची सगळी छायाचित्रे आपण एरवी ज्या बाजूंकडे पाहतही नाही त्यांची होती: खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या बाजूचे सांधे, खणाचा तळ खालून, मेजाची पाठ, पायांचे तळवे, बिजागऱ्या, कुलपाचा पत्रा, मुठीच्या मागचा नट, आणि एखादा स्क्रू सहज निघत असेल तर तो पट्टीशेजारी ठेवून. दर्शनी बाजू पुन्हा पॉलिश करता येते, तिच्यावर नव्या मुठी बसवता येतात, कोरीव पट्टी चिकटवता येते. पाठीकडे आणि तळाकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही आणि म्हणूनच वस्तूचा इतिहास तिथे बहुधा जसाच्या तसा राहतो. केवळ समोरच्या एका छायाचित्रावरून काही क्षणांत किंमत सांगणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत. त्या वस्तूच्या शैलीची किंमत सांगतात, वस्तूची नाही, आणि हा फरक विकणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा असतो.

मेजाविषयी घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच समजूत होती, की ते अठराव्या शतकातील आहे. तिरपे उघडणारे झाकण, आतील छोटे कप्पे, महोगनीचा गडद लाल रंग, पितळी मुठी आणि वक्र पाय हे सर्व त्या काळाशी जुळणारे होते. अहवालाने ही समजूत मोडीत काढली, पण ती ज्या पद्धतीने काढली ती मला फार महत्त्वाची वाटते. मूल्यांककाचा मूळ नियम असा होता, की वस्तूचा काळ तिच्या सर्वांत जुन्या दिसणाऱ्या भागावरून ठरत नाही, तर मूळ घडणीतल्या सर्वांत नव्या भागावरून ठरतो. जुन्या शैलीची नक्कल नंतरच्या कोणत्याही काळात करता येते. पण जे तंत्र अजून जन्मालाच आलेले नाही ते कोणत्याही सुताराला वापरता येत नाही. त्यामुळे शैली केवळ इतकेच सांगते, की वस्तू याच्या आधीची नाही. त्यानंतर ती किती उशिरा बनली असावी, हे सांधे, खिळे, स्क्रू आणि तळाच्या फळ्या सांगतात.

या नियमाने अहवाल खणांपासून सुरू झाला. हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्यात, म्हणजे टोकाकडे रुंद होणारे दात एकमेकांत अडकवून केलेल्या जोडात, दात एकसारखे नसतात. एखादा रुंद, एखादा अरुंद, आणि पटाशी कुठपर्यंत न्यायची हे ठरवण्यासाठी सुताराने ओढलेली बारीक रेघ बहुधा सांध्याच्या कडेला राहून गेलेली असते. आमच्या मेजाचे दात मात्र अगदी सारख्या मापाचे आणि सारख्या अंतरावर होते, म्हणजे ते यंत्राने कापलेले होते, आणि अशा यंत्रांचा फर्निचर उद्योगातील सर्रास वापर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. पाठीच्या फळ्या ज्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या ते गोल दांड्याचे, तारेपासून बनवलेले होते. हे खिळे साधारण १८९० च्या दशकात बाजारावर आले आणि त्याआधीच्या, पत्र्यातून कापलेल्या चौकोनी दांड्याच्या खिळ्यांना त्यांनी मागे सारले. शेवटचा आणि निर्णायक पुरावा खणांच्या तळांचा होता: ते प्लायवूडचे होते, ते बसवण्यासाठी कापलेल्या खाचा मूळच्या होत्या आणि त्यांत फेरफाराची कोणतीही खूण नव्हती. खणांच्या तळासाठी प्लायवूड पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात रूढ झाले. सर्व पुरावे एकत्र मांडून अहवालाने निष्कर्ष काढला, की हे मेज दोन महायुद्धांच्या दरम्यान, जुन्या शैलीचे पुनरुज्जीवन करण्याची आवड होती त्या काळात, कारखान्यात बनलेले आहे.

स्क्रूंच्या बाबतीत अहवालाने दाखवलेला संयम विशेष उल्लेखनीय आहे. टोकदार अणीचे, यंत्राने बनवलेले लाकडी स्क्रू १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. त्याआधीचे स्क्रू बोथट टोकाचे असत आणि त्यांच्या माथ्यावरची खाच पुष्कळदा मध्यभागी नसे. अधिक-चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू तर १९३० च्या दशकातले. आमच्या मेजाच्या एका बिजागरीत असे अधिक-चिन्हाचे स्क्रू होते, आणि एखाद्या उतावळ्या पारख्याने तेवढ्यावरून मेजाचे वय आणखी कमी केले असते. पण बिजागरीखाली जुन्या, बुजवलेल्या भोकांची दुसरी जोडी होती, त्यामुळे ही बिजागरी नंतर बदलली आहे असे ठरवून अहवालाने त्या स्क्रूंना पुराव्यातून वगळले. निरीक्षण कोणते, त्यावरून काढलेले अनुमान कोणते आणि त्या अनुमानाची खात्री किती, हे अहवालात तीन स्वतंत्र रकान्यांत लिहिलेले होते. माझ्या मते या संपूर्ण सेवेचा हा सर्वांत मौल्यवान भाग आहे, कारण असा अहवाल खरेदीदारासमोर ठेवता येतो आणि त्याला प्रत्येक विधान स्वतः वस्तूवर पडताळून पाहता येते.

एकच सांधा कधीकधी काळ किती नेमका सांगतो, याचे एक उदाहरण प्रत्यक्ष भेटीत मूल्यांककांनी सांगितले आणि ते इथे नोंदवण्याचा मोह मला आवरत नाही. चार्ल्स नॅप या अमेरिकन संशोधकाने १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रातून अर्धगोल कड आणि तिच्या मधोमध लहान गोल खुंटी असा एक वेगळाच सांधा तयार होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत तो अमेरिकन खणांमध्ये दिसतो आणि पुढे डव्हटेल कापणारी यंत्रे सुधारल्यावर नाहीसा होतो. खणाच्या बाजूला अशा अर्धचंद्रांची रांग दिसली, की पुढच्या चर्चेचे कामच उरत नाही.

वापराच्या खुणा आणि नंतरचे बदल यांविषयीचा भागही काळजीपूर्वक लिहिलेला होता. खरी झीज हात, पाय आणि खण जिथे खरोखर घासतात तिथेच होते: खणाच्या खालच्या सरकपट्ट्या, पुढच्या पायांच्या कडा, झाकणाच्या मधला भाग. सगळीकडे सारख्या ओरखड्यांची नक्षी दिसली, की ती मुद्दाम केलेली असण्याचा संशय घ्यावा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते आणि उभ्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, म्हणून अखंड लाकडाचे जुने गोल टेबल दोन दिशांनी मोजल्यास किंचित लंबगोल भरते. आपले टेबल शंभर वर्षांहून जुने आहे असे मानणाऱ्याने ही मोजणी जरूर करून पाहावी. तिला टेपशिवाय काहीही लागत नाही. मुठी बदलल्या असतील तर खणाच्या आतील बाजूला बुजवलेली भोके सापडतात आणि बाहेर जुन्या मुठीच्या आकाराची फिकट किंवा गडद सावली दिसते. दोन वेगवेगळ्या वस्तूंचे वरचे आणि खालचे भाग जुळवून केलेले कपाट ओळखायचे असेल, तर दोन्ही भागांच्या पाठीच्या फळ्या, त्यांचा रंग आणि खणांचे सांधे एकमेकांशी जुळतात का हे पाहावे. अशी जुळवाजुळव केलेली वस्तू अखंड मूळ वस्तूच्या किमतीला कधीच जात नाही.

अर्ज भरतानाच सेवेने एक सूचना ठळकपणे दिली होती, की मूल्यांकन होईपर्यंत वस्तू घासू नये, तेल लावू नये, पितळ चकाकवू नये आणि पॉलिश तर मुळीच करू नये. ही सूचना प्रत्येक विकणाऱ्याने मनावर घ्यावी असे मला कळकळीने वाटते. विकण्याआधी वस्तू नवी दिसावी या सदिच्छेने मूळ पॉलिश खरवडून काढले जाते, आणि त्याबरोबर अनेक वर्षांत चढलेली झाक आणि काळाचा एक महत्त्वाचा पुरावाही निघून जातो. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते आणि अतिनील दिव्याखाली नारिंगी चमकते. १९२० च्या दशकापासून रूढ झालेले नायट्रोसेल्युलोज लॅकर स्पिरिटला फारशी दाद देत नाही, पण थिनरने सुटते. ही चाचणी मूल्यांककांनी खणाच्या आतल्या कडेवर, कापसाच्या बारीक बोळ्याने, माझी परवानगी घेऊन केली. आमच्या मेजावर लॅकर निघाले आणि त्याने आधीच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. अर्थात प्रत्येक वस्तूचे मूळ पॉलिश पवित्र मानण्याचे कारण नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. सामान्य कारखानी कपाटाचे पॉलिश पूर्ण उडालेले असेल तर ते नव्याने केल्याने विक्री सोपी होते. प्रश्न फक्त आधी ओळख आणि मग दुरुस्ती हा क्रम पाळण्याचा आहे.

आता त्रुटींविषयी. प्राथमिक अहवालात मेजाचे लाकूड "अखंड महोगनी" असे निःशंकपणे लिहिले होते. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ते पाइनच्या सांगाड्यावर चिकटवलेले महोगनीचे व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा अगदी पातळ थर, निघाले आणि पाय तर रंग चढवलेल्या बीच लाकडाचे होते. छायाचित्रावरून लाकूड ओळखणे मुळातच बेभरवशाचे आहे, कारण रंग हा पॉलिशचा असू शकतो. लाकडाची खात्रीलायक ओळख आडव्या कापावरील छिद्रांच्या मांडणीवरून पटते: ओक आणि सागवान यांच्यात मोठी छिद्रे वाढीच्या वलयांना धरून रांगेत असतात, महोगनी आणि बीच यांच्यात ती सर्वत्र विखुरलेली असतात, आणि दहापट मोठे दाखवणारे साधे भिंगही हा फरक दाखवायला पुरते. फळीच्या दर्शनी पृष्ठभागावरील रेषा कडेवरून वळून टोकाच्या कापात पुढे चालू राहतात की तिथेच तुटतात, हे पाहिले तर व्हेनिअर आणि अखंड लाकूड यांतला फरक सामान्य माणसालाही कळतो. ही छायाचित्रे सेवेच्या यादीत नव्हती, ती असायला हवीत. आणि ती नसतील तर लाकडाच्या रकान्यात खात्रीचे प्रमाण कमी लिहायला हवे. व्हेनिअर निघाल्याने मेज हलक्या दर्जाचे ठरत नाही, उत्तम दर्जाच्या कामातही व्हेनिअर शतकानुशतके वापरले गेले आहे, पण विक्रीच्या जाहिरातीत "अखंड" हा शब्द गेला असता आणि खरेदीदाराने तो खोटा पाडला असता, तर सगळा व्यवहार फिसकटला असता.

खुर्च्यांचा भाग मला सर्वांत वाचनीय वाटला. वाफवून वाकवलेल्या बीचच्या गोल दांड्यांची, वेताच्या विणीच्या बैठकीची ही खुर्ची जगभरच्या उपाहारगृहांतून आणि घरांतून सर्वांच्या परिचयाची आहे. मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ मध्ये आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची हे तिचे मूळ रूप आहे. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर ती उभी राहत असे, आणि सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत असत. थोनेट यांचे या तंत्रावरील विशेषाधिकार १८६९ मध्ये संपले आणि त्यानंतर जेकब अँड जोसेफ कोन यांच्यासह अनेक कारखाने तशाच खुर्च्या बनवू लागले. म्हणूनच केवळ आकारावरून अशा खुर्चीला थोनेट म्हणणे चुकीचे आहे. सेवेने बैठकीच्या चौकटीची आतली कड तिरप्या उजेडात टिपायला सांगितली, कारण कारखान्याचा कागदी लेबल किंवा लाकडात दाबलेला शिक्का तिथेच असतो. आमच्या खुर्च्यांवर लेबलाचा फक्त डिंकाचा डाग उरला होता आणि एका चौकटीवर शिक्क्याची अर्धवट अक्षरे होती, ज्यांच्यावरून कोणत्याही कारखान्याचे नाव निश्चित करता येत नव्हते. अहवालाने प्रामाणिकपणे तसेच लिहिले: १४ क्रमांकाच्या धाटणीची, निर्माता अनिश्चित. निर्माता सिद्ध झालेली, निर्मात्याच्या नावे संभाव्यपणे लावलेली आणि केवळ त्या धाटणीची, अशा तीन वस्तूंच्या किमतींत फार मोठी तफावत पडते, आणि मोठे नाव लावून ग्राहकाला खूश करण्याचा मोह इथे सहज होऊ शकला असता. दोन खुर्च्यांची वेताची बैठक काढून तिथे प्लायवूडची चकती बसवलेली आहे, हेही त्यांनी टिपले.

किमतीचा भाग मात्र मला समाधानकारक वाटला नाही. अहवालाने न मागताच विम्यासाठीचे मूल्य पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात छापले होते. विम्याचे मूल्य म्हणजे तशीच वस्तू दुकानातून पुन्हा विकत घ्यायला लागणारी रक्कम. विकणाऱ्याच्या हाती ती कधीच पडत नाही. विकणाऱ्याला हवे असते ते वाजवी बाजारमूल्य, म्हणजे कोणतीही घाई किंवा सक्ती नसलेल्या आणि वस्तूची पुरेशी माहिती असलेल्या दोन पक्षांत ठरेल ते मूल्य. आणि त्यातूनही प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम विक्रीच्या मार्गानुसार बदलते. लिलावात हातोडा ज्या आकड्यावर पडतो त्यातून विक्रेत्याचे कमिशन, छायाचित्रण, वाहतूक आणि काही ठिकाणी विमा वजा होतो. खरेदीदार त्या आकड्यावर वेगळा अधिभार भरतो, पण तो लिलावगृहाकडे जातो. जुन्या वस्तूंचा व्यापारी रोख आणि लगेच पैसे देतो, मात्र त्याला दुरुस्ती, जागा आणि नफा यांची तरतूद करायची असल्याने त्याचा देकार दुकानातील किमतीच्या बराच खाली असणे हे स्वाभाविक आहे, त्याला फसवणूक म्हणता येत नाही. थेट ग्राहकाला विकल्यास रक्कम सर्वांत जास्त मिळू शकते, पण वेळ, भेटी आणि वाहतुकीची जबाबदारी आपल्यावर येते. हे सर्व अहवालात एका परिशिष्टात, बारीक अक्षरांत होते. ते पहिल्या पानावर हवे होते.

दुसरी तक्रार तुलनेसाठी दिलेल्या उदाहरणांची. काही उदाहरणे खरोखर झालेल्या विक्रीची होती आणि काही केवळ मागितलेल्या किमतींची, आणि दोन्ही एकाच तक्त्यात होती. मागितलेली किंमत ही विक्रेत्याची आशा असते. एखादी वस्तू त्या किमतीला महिनोन्‌महिने न विकता पडून असेल, तर ती किंमत चुकीची असल्याचाच तो पुरावा होय. मी हरकत कळवल्यावर सेवेने तक्ता दुरुस्त करून दिला आणि केवळ झालेल्या विक्रींवर आधारित किमतीचा नवा पल्ला दिला, जो आधीपेक्षा खाली आला. त्यांनी विनाशुल्क आणि विनातक्रार ही दुरुस्ती केली, याची नोंद घेणे न्याय्य आहे. गडद लाकडाच्या, आकाराने मोठ्या आणि जड पारंपरिक फर्निचरच्या किमती या शतकाच्या सुरुवातीपासून अनेक बाजारपेठांत उतरल्या आहेत, घरे लहान झाली आहेत आणि आवडी बदलल्या आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील किंवा जुन्या पावत्यांवरील आकडे आज मार्गदर्शक राहिलेले नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले.

कायद्याविषयीचे पान अनेक मूल्यांकन-अहवालांत नसतेच. इथे ते होते. शिसवी ज्या वंशात येते त्या डाल्बर्जिया वंशातील ब्राझिलियन रोजवूडला वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार म्हणजे साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात १९९२ मध्ये स्थान मिळाले आणि जानेवारी २०१७ पासून वंशातील इतर सर्व जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. हस्तिदंताची नक्षी असलेल्या वस्तूंवर तर अनेक देशांत अंतर्गत विक्रीलाही कडक बंधने आहेत. आपली वस्तू परदेशी ग्राहकाला पाठवण्याचा विचार असेल, तर लाकडाची जात आणि वस्तूचे वय यांचा लेखी पुरावा हाती असल्याशिवाय सौदा पक्का करू नये. आमच्या वस्तूंना यातले काहीच लागू नव्हते, पण ते लागू नाही हे कारणासह लिहून दिले गेले.

या सेवेची आणखी एक गोष्ट मला मनापासून पटली. मूल्यांकित वस्तू ते स्वतः विकत घेत नाहीत, ती विकून देण्याचे कामही स्वीकारत नाहीत, आणि त्यांचे शुल्क वस्तूच्या किमतीच्या टक्केवारीवर अवलंबून नसून कामाच्या वेळेवर ठरते. टक्केवारीवरील शुल्क व्यावसायिक मूल्यांककांच्या आचारसंहितांना मान्य नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: आकडा फुगवण्यात मूल्यांककाचा लाभ असेल, तर त्या आकड्यावर विसंबायचे कसे? ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे त्याच्याकडूनच तिची किंमत ठरवून घेण्यात याच्या उलट बाजूचा धोका असतो. सेवा निवडताना हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

शुल्काचा विचार करता ही सेवा प्रत्येक वस्तूसाठी घेण्यासारखी नाही. खणाचा तळ किंवा पाठ चिपबोर्डची अथवा एमडीएफची असेल, तर ती वस्तू विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची आहे हे घरबसल्या कळते, आणि एखाद्या नामांकित रचनाकाराचे लेबल नसल्यास तिची किंमत वापराच्या वस्तूइतकीच असते; तिथे शुल्क वाया जाईल. वस्तू वारशाने वाटली जाणार असेल, तिच्यावर शिक्का, लेबल किंवा हस्ताक्षर असेल, किंवा हाताने केलेल्या सांध्यांच्या खुणा दिसत असतील, तर मात्र छायाचित्रांवरील प्राथमिक अहवाल अवश्य घ्यावा, आणि त्यात लाकडाविषयी किंवा निर्मात्याविषयी मोठे विधान आले तरच प्रत्यक्ष भेटीचा जादा खर्च करावा.

मेज अहवालाच्या प्रतीसह विकायला ठेवले आणि ते सुधारित पल्ल्याच्या खालच्या टोकाजवळ, कोणत्याही वादाशिवाय विकले गेले. खरेदीदाराने खण काढून अहवालातील खुणा स्वतः तपासल्या आणि बदललेल्या बिजागरीबद्दल आधीच सांगितल्यामुळे त्यावर घासाघीस झाली नाही. खुर्च्या अजून विकायच्या आहेत. वेताच्या मूळ बैठकी शाबूत असलेल्या खुर्च्या वेगळ्या आणि प्लायवूडच्या दोन वेगळ्या विकाव्यात, या मूल्यांककांच्या सल्ल्याप्रमाणे त्यांची जाहिरात दोन भागांत दिली आहे आणि दोन्हींत "निर्माता अनिश्चित" असे स्पष्ट लिहिले आहे.